बाकी कुठे गेली?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपलं भविष्य’ असा विषय सुचवला होता. मी म्हटलं, त्या विषयावर तुम्हा सगळ्यांना रोज चार व्हिडिओ येतात, पाचवी मी कशाला? मला अपूर्णांकांवर बोलू द्या. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग “चालेल, पण वीस मिनिटं” असं उत्तर आलं. तेव्हा आता वीस मिनिटं अपूर्णांक. ज्यांना अपूर्णांक म्हटलं की आठवीत घाम फुटायचा, त्यांनी खुशाल मागच्या बाकावर सरकावं. जागा ओळखीचीच आहे.

विषय खरं तर आपल्या बॅचच्या ग्रुपवरच सापडला. दिवाळीच्या आसपास कुणीतरी एक संदेश पुढे ढकलला होता. १२३४५६७९ ला ९ नं गुणा, १११११११११ येतं. १८ नं गुणा, २२२२२२२२२ येतं. २७ नं गुणा, सगळे तीन. खाली हात जोडलेले आणि ‘गणिताचा चमत्कार’. भराभर अंगठे वर झाले. फक्त एका मैत्रिणीनं विचारलं, “यात आठ का नाही?” तिला कुणी उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात फराळाचे फोटो सुरू झाले. ती आज इथे आहे. बाई गं, हे भाषण तुझ्यासाठी.

तिचा प्रश्न नीट धरायचा तर एक भागाकार करावा लागतो. १ ला ८१ नं भागा. उत्तर येतं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आणि हे असंच पुढे, कायमचं. शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात आणि मग एकदम नऊ. पहिले आठ अंक बघून पुढचा सांगा म्हटलं, तर इथला प्रत्येक जण आठ म्हणेल. आपली स्कॉलरशिपची परीक्षा, मुलांच्या स्पर्धा परीक्षा, ‘पुढील संख्या ओळखा’ हा सगळा प्रकार याच सवयीवर चालतो. आणि इथे ती सवय तोंडघशी पाडते.

आता ही संख्या येते कुठून ते पाहू. एक मालिका घ्या: १/१०० + २/१००० + ३/१०००० + ४/१००००० + … अंश एकेकानं वाढतो, छेद दर वेळी दहापट होतो. हिची बेरीज ‘ब’ म्हणा. ‘ब’ ची दहापट केली की प्रत्येक छेदातलं एक शून्य जातं: १/१० + २/१०० + ३/१००० + … आता दहापटीतून मूळ मालिका वजा करा. १/१० तसाच राहतो. २/१०० मधून १/१०० गेला, उरला १/१००. ३/१००० मधून २/१००० गेले, उरला १/१०००. म्हणजे ९ब = १/१० + १/१०० + १/१००० + … हे तर ०.१११…, म्हणजेच १/९. नऊ ‘ब’ म्हणजे १/९, तर एक ‘ब’ म्हणजे १/८१. झालं.

म्हणजे १/८१ मध्ये एक, दोन, तीन ओळीनं उभे आहेत ते उगाच नाहीत. ते त्या मालिकेचे अंश आहेत, एकेका घरात बसलेले. मग आठाचं काय झालं? आठ त्याच्या घरात बसला, नऊ पुढच्या घरात बसला, आणि त्याच्या पुढच्या घरात आले दहा. एका घरात दहा मावत नाहीत. शून्य लिहायचा आणि हातचा एक डावीकडे द्यायचा, हे आपल्याला दुसरीत शिकवलं. तो हातचा नवाला मिळाला, नवाचे झाले दहा. पुन्हा शून्य लिहिला, हातचा एक आठाला दिला. आठाचा झाला नऊ. म्हणजे आठ हरवलेला नाही. जो नऊ दिसतोय तोच आपला आठ आहे, हातचा घेतलेला. खरा नऊ त्याच्या शेजारी शून्याचं सोंग घेऊन बसलाय.

मला यातला चमत्कार फार आवडत नाही, हातचा आवडतो. आणि हातचा समजला की पुढचं न बघताही सांगता येतं. १ ला ९८०१ नं भागलं, म्हणजे ९९ च्या वर्गानं, तर ००, ०१, ०२, ०३ असे दोन-दोन अंकांचे डबे येत जातात आणि त्यात फक्त ९८ गाळलेला असतो. करून बघा. प्रवासात चांगला वेळ जातो.

या घराण्यातल्या संख्यांवर मनापासून काम केलेला माणूस आपल्या महाराष्ट्रातला, आणि शाळामास्तर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ ते शिक्षक होते. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक बऱ्याच जणांनी ऐकला असेल. पण त्यांच्या ‘डेम्लो संख्या’ मला जास्त प्रिय आहेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. हे जिने चढत चढत नऊ एककांपर्यंत जातात: १२३४५६७८९८७६५४३२१. नाव पडलं डोंबिवलीवरून. त्या काळी ते स्टेशन डेम्लो म्हणून ओळखलं जाई आणि तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणतात. लोकलची वाट बघताना आपल्याला काय काय सुचतं ते आठवा, आणि ह्यांना हे सुचलं! आता दहा एककांचा वर्ग करा. जिना सुरळीत चढायला हवा, पण येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. सातानंतर नऊ. तोच हातचा, तोच आठ. कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातली खुर्चीही नव्हती. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगानं दखल घेतली. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. समोर इतके शिक्षक बसले आहेत म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता आपल्या गणिताच्या सरांकडे येते. सर, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला आहात, त्यामुळे जपून बोलते. भागाकार अर्धवट सोडला की सर लाल शाईनं वहीत एकच शब्द लिहायचे: ‘बाकी?’ उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर असलं तरी लिहायचे. कुणी म्हणायचं, सर, बाकी किरकोळ आहे. सर म्हणायचे, किरकोळ असू दे, पण ती गेली कुठे? त्या वेळी हा छळ वाटायचा. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर मला असं वाटतं, की कधीही न संपणाऱ्या मालिकेबद्दल विचारण्यासारखा प्रश्न हा एकच आहे. पदांकडे बघून काही कळत नाही. प्रत्येक पायरीनंतर उरतं काय, त्याकडे बघायचं. आकृतिबंध तिथे असतो.

याचं उदाहरण द्यायला आपलं गावच पुरेसं आहे. आमच्या आजोबांचं गुलमंडीजवळ किराणा दुकान होतं. निजामाचं राज्य होतं तोवर इथे हाली सिक्का चालायचा, हैदराबादचा रुपया. पलीकडे, म्हणजे नगर-नाशिककडे, इंग्रजी रुपया, त्याला कलदार म्हणत. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० पासून दोन्ही रुपये एकाच गल्ल्यात आले आणि भाव ठरला सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली नाणी पुढे १९५९ पर्यंत चालत होती. आता गिऱ्हाइकानं एकच हाली रुपया पुढे केला तर त्याचे कलदार किती? सहा सप्तमांश. म्हणजे एका रुपयामागे बट्टा एक सप्तमांश रुपया. आणि रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, रुपयाचे पैसे चौसष्ट. सात कशालाच भाग जात नाहीत.

मोजून बघू. १/७ रुपयात दोन आणे सहज बसतात, म्हणजे १/८ रुपया. बाकी किती? १/७ वजा १/८, म्हणजे १/५६. त्यात एक पैसा बसतो, १/६४ रुपया. बाकी? १/५६ वजा १/६४, म्हणजे १/४४८. आणि १/४४८ म्हणजे काय? १/६४ चा सातवा हिस्सा. एका पैशाचा एक सप्तमांश! रुपयाचा सातवा हिस्सा काढायला बसलो होतो, दोन आणे आणि एक पैसा दिला आणि हातात उरला पैशाचा सातवा हिस्सा. तोच प्रश्न परत, फक्त चौसष्टपट लहान. पुढे गेलात तर पुन्हा तेच. १/७ = १/८ + १/६४ + १/५१२ + … आणि हे का संपत नाही ते आता कळतं: प्रत्येक वेळी बाकी म्हणजे मूळच्याचीच लहान नक्कल असते.

आजोबांना ही मालिका ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण ते एकटा हाली रुपया मोडून द्यायला राजी नसत असं आजी सांगायची. सात आण, सहा ने. सातांच्या ढिगात बाकी उरतच नाही. व्यापाऱ्यानं अनंत मालिकेवर काढलेला याहून सोपा तोडगा मला अजून दिसलेला नाही. (आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि वर औटकीसुद्धा पाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. ती चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या कार्यालयातल्या एकाला तरी येतो का विचारून बघा!)

पुढे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे शंभर. चार आण्यांचे पंचवीस नीट झाले, पण एका आण्याचे सव्वासहा. सव्वासहाचं नाणं कुणी पाडणार नव्हतं. पुन्हा बाकी.

आणि आता माझा धंदा. संगणक आतून अजून आण्यांच्या जमान्यात आहे. त्याच्याकडे अर्धा, पाव, दोन आणे, आणा, अर्धा आणा, पैसा असेच हिस्से आहेत, दर वेळी निम्मे. दशांश त्याच्याकडे नाही. त्याला सांगितलं की ०.१ लिही, म्हणजे दहा पैसे लिही, तर तो दीड आणा देतो, १/१६ + १/३२, आणि बाकी उरते १/१६०. ही बाकी म्हणजे १/१० चाच सोळावा हिस्सा. ओळखीचं वाटतंय ना? पुन्हा नक्कल. त्यामुळे १/१० = १/१६ + १/३२ + १/२५६ + १/५१२ + १/४०९६ + १/८१९२ + … आणि हे संपत नाही. आपल्याला जो आकडा सगळ्यात साधा वाटतो, तो यंत्राला पूर्ण लिहिताच येत नाही. जागा संपली की शेपूट छाटायचं. छाटलेलं शेपूट म्हणजे बाकी, आणि ती किरकोळ असते.

२५ फेब्रुवारी १९९१. आपण तेव्हा पाचवीत होतो, दूरदर्शनवर आखाती युद्धाच्या बातम्या चालायच्या. सौदी अरेबियात दाहरान इथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाचे ठोके मोजायचं आणि ती संख्या १/१० नं गुणून सेकंद काढायचं. तो १/१० चोवीस बिटांवर छाटलेला होता. छाटलेलं शेपूट साधारण ०.०००००००९५. एका ठोक्याला काहीच नाही. पण शंभर तासांत छत्तीस लाख ठोके होतात. गुणाकार करा: सुमारे ०.३४ सेकंद. स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं येतं. तेवढ्या वेळात ते अर्धा किलोमीटर पुढे गेलं. यंत्रणा आकाशातल्या भलत्याच ठिकाणी बघत राहिली, तिथे काही दिसलं नाही, म्हणून तिनं काही डागलं नाही. स्कड एका बराकीवर पडलं आणि २८ सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी तिथे पोचलं.

मी नव्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात ही गोष्ट सांगते. ती हुशार असतात, आमच्याहून भराभर काम करतात. पण चार आकडे घालून बघितले, चारही बरोबर आले, ‘मॅम, चालतंय’ म्हणून मोकळी होतात. आता तर यंत्रच त्यांना कोड लिहून देतं आणि तेही अशाच हजारो उदाहरणांवरून शिकलेलं. संयोजक, बघा, तुमचा विषय आलाच.

आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बाकीसाठी एक ठरलेली रीत आहे. दहा हजार रुपयांचे तीन हप्ते पाडा. ३३३३.३३ तीनदा घेतले तर ९९९९.९९ होतात, एक पैसा अधांतरी. म्हणून शेवटचा हप्ता वेगळा धरायचा, ३३३३.३४. कर्जाचा शेवटचा हप्ता थोडा निराळा का येतो असं कुणाला वाटलं असेल, तर त्याचं एक कारण हे. मला वाटायचं ही युक्ती संगणकवाल्यांची. नंतर कळलं, ती हजार-बाराशे वर्षं जुनी आहे आणि जवळजवळ आपल्या शेजारची.

वेरूळची सहल सगळ्यांना आठवते. दर वर्षी तीच. कैलास लेण्यासमोर रांगेत उभं राहून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. ते लेणं राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं मानतात, आठव्या शतकातलं. त्याचा पणतू अमोघवर्ष. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आता कर्नाटकातलं मळखेड. त्याच्या राज्यात इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. ग्रंथाच्या सुरुवातीला अमोघवर्षाची स्तुती आहे. मद्रासहून १९१२ मध्ये तो इंग्रजी भाषांतरासह छापला गेला, म्हणून आज आपल्याला वाचता येतो. जैन लेण्यांपर्यंत आपण चालत जायचो तेव्हा पाय दुखायचे, पण गणिताच्या तासातल्या अपूर्णांकांचा या राजघराण्याशी संबंध आहे हे कुणाच्या डोक्यात येणार?

महावीराचार्यांचा एक नियम असा: एक ही संख्या, जिथे अंश सगळीकडे एकच आहे, अशा हव्या तितक्या अपूर्णांकांत फोडायची. छेद एकापासून सुरू करून तिप्पट करत जा: १, ३, ९, २७. मग पहिल्याला दोननं गुणा आणि शेवटच्याला दोन तृतीयांशानं. चार अपूर्णांक हवे असतील तर छेद आले २, ३, ९, १८. बेरीज करा: १/२ + १/३ + १/९ + १/१८. अठराच्या छेदावर आणलं की नऊ, सहा, दोन, एक, एकूण अठरा. बरोबर एक. पाच हवे असतील तर २, ३, ९, २७, ५४. पुन्हा बरोबर एक.

का होतं? बाकी बघा. अर्धा आणि तृतीयांश दिल्यावर उरतो १/६, म्हणजे तृतीयांशाचा निम्मा. १/९ दिला की उरतो १/१८, म्हणजे १/९ चा निम्मा. दर वेळी बाकी ही शेवटी दिलेल्या हिश्शाच्या निम्मी. आणि ती तशीच राहणार, कारण निम्म्यातून तृतीयांश गेला की उरतो सहावा हिस्सा, आणि सहावा म्हणजे तृतीयांशाचा निम्मा. एका ओळीचं कारण, पण ते मिळालं की पन्नासाव्या पदापर्यंत पडताळत बसायला नको. महावीराचार्यांचा नियम ठरावीक संख्येच्या पदांसाठी आहे, आणि त्यातलं शेवटचं पद म्हणजे ती उरलेली बाकी, उचलून जागेवर ठेवलेली. आमचा शेवटचा हप्ता! थांबायचंच नाही असं ठरवलं तर १/२ + १/३ + १/९ + १/२७ + … ही मालिका एकाच्या जवळ जवळ जात राहते, आणि किती जवळ ते प्रत्येक पायरीला सांगता येतं.

बाकी उचलण्याची ही कला पुढे केरळात कळसाला गेली. चौदाव्या शतकातल्या माधवांची मालिका १ − १/३ + १/५ − १/७ + … ही पायच्या चौथ्या हिश्शाला पोचते, पण इतकी रेंगाळत, की पन्नास पदं घेऊन चारानं गुणलं तर ३.१२१५ येतं. दुसऱ्या दशांशालाच चूक. या परंपरेत पदं घेऊन झाल्यावर उरलेल्या शेपटासाठी एक दुरुस्ती जोडतात. ‘न’ पदं घेतली असतील तर न ला न च्या वर्गाची चौपट अधिक एक यानं भागायचं. त्याच पन्नास पदांना ही एक दुरुस्ती जोडली की ३.१४१५९२६५ पर्यंत सगळे अंक बरोबर. या दुरुस्तीला त्यांचा शब्द आहे ‘अंत्यसंस्कार’. हसू नका, शब्द अगदी चपखल आहे. आणि हे सगळं कारणांसकट ज्या ‘युक्तिभाषा’ ग्रंथात आलं तो संस्कृतात नाही, मल्याळममध्ये आहे. मराठी माध्यमावरून ज्यांना अजून टोमणे ऐकावे लागतात त्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

शेवटी एक वाईट मालिका, म्हणजे वाईट वळणाची. १ + १/२ + १/३ + १/४ + १/५ + … पदं लहान लहान होत जातात, शून्याला टेकतात. वाटतं, थांबेल कुठेतरी. दहा ओलांडायला १२३६७ पदं लागतात, वीस ओलांडायला सत्तावीस कोटींहून जास्त. हे भाषण तयार करताना मी लॅपटॉपवर कमी अचूकतेच्या दशांशांत ही बेरीज चालवून पाहिली. वीस लाख पदांच्या थोडं पुढे ती १५.४०३६ वर आली आणि थांबली. पुढे तासभर चालवा, आकडा हलत नाही. कारण पुढचं पद इतकं बारीक, की बेरजेत त्याला बसायला घरच नाही. यंत्र शपथेवर सांगेल की उत्तर पंधरा आणि काहीतरी आहे.

ते खोटं आहे. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेम यांनी कागदावर दाखवलं. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, कारण दोन्ही किमान १/४. पुढचे चार, १/५ ते १/८, मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढचे आठ, पुन्हा. पुढचे सोळा, पुन्हा. अर्धे मोजत बसा, ते संपत नाहीत, म्हणजे बेरीज कुठलीही हद्द ओलांडते. इथे पदं लहान होतात पण बाकी लहान होत नाही. कितीही देऊन झालं तरी जेवढं द्यायचं होतं तेवढंच शिल्लक, अनंत. सर, हे तुम्ही आम्हाला दहावीत, अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणून, खडूनं फळाभर लिहून दाखवलं होतं. निम्मा वर्ग डबा उघडून बसला होता. मी लिहून घेतलं होतं.

आता गृहपाठ. याच मालिकेतून ज्या ज्या छेदात आठ हा अंक येतो ती सगळी पदं काढून टाका: १/८, १/१८, १/२८, १/८० ते १/८९, १/१०८, सगळी. उरलेली मालिका अजूनही कधी न संपणारी आहे, पण तिची बेरीज ऐंशीच्या आत राहते. १९१४ मध्ये केम्पनर यांनी नऊ गाळून हे सिद्ध केलं, आठालाही तेच लागू पडतं. का राहते, ते शोधायचं. लॅपटॉप वापरायचा नाही, त्याचा उपयोगही नाही. इशारा एवढाच: आठ नसलेले एक अंकी छेद किती, दोन अंकी किती, तीन अंकी किती, ते आधी मोजा. मग एकेका गटातलं सगळ्यात मोठं पद कुठलं ते बघा. ज्यांना जमेल त्यांनी ग्रुपवर टाकू नये, वही सरांना दाखवावी. लाल पेन मी त्यांच्यासाठी आणलं आहे.